सत्रान्तीचे मनोगत : एका दुर्लक्षित लेखनप्रकाराविषयी

मराठी समीक्षेने वाङ्मयप्रकारांची चर्चा विपुल केली. कादंबरी, लघुनिबंध, आत्मकथन, पत्र, रोजनिशी, इतकेच काय पण पुस्तकाची प्रस्तावना हाही प्रकार म्हणून तिने तपासला. विद्यार्थ्याच्या लेखनाकडे मात्र तिने संहिता म्हणून क्वचितच पाहिले. गृहपाठ, प्रकल्पवही, उत्तरपत्रिका हा सारा व्यवहार अध्यापनशास्त्राच्या खात्यावर टाकून ती मोकळी झाली. वस्तुतः मराठीत शिकलेल्या बहुसंख्यांचा गद्यलेखनाशी असलेला संबंध या वह्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. मराठी गद्याच्या सवयी कोठे घडतात, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याला या वह्या टाळता येणार नाहीत.

त्यांतही एक छोटासा प्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. गेल्या काही दशकांत ‘उपयोजित मराठी’, ‘लेखनकौशल्ये’, ‘सर्जनशील लेखन’ अशा नावांच्या अभ्यासपत्रिका पदवीवर्गांत आल्या. सत्रपद्धती, श्रेयांकपद्धती आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांनी त्यांना अधिक जागा करून दिली. त्यांच्याबरोबर, सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याने आपल्याच लेखनाविषयी चार शब्द लिहावेत, ही अपेक्षाही आली. कोठे ती प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर ‘मनोगत’ या शीर्षकाखाली पुरी होते, कोठे ‘स्वमूल्यमापन’ या रकान्यात, तर कोठे तोंडी परीक्षेतील ‘या अभ्यासक्रमातून काय शिकलात?’ या प्रश्नाच्या उत्तरात. हे लेखन अर्ध्या पानाचे असते, घाईत लिहिलेले असते आणि बहुधा न वाचताच त्याखाली सही केली जाते. तरीही लिहिणारा आपल्या लिहिण्याकडे वळून पाहतो असा पदवीच्या साऱ्या वर्षांतला हा जवळजवळ एकमेव प्रसंग आहे. तो वाया जातो की नाही, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या संहितेची रचना चटकन ओळखू येते. आरंभी कृतज्ञता, मध्ये उणिवांची ढोबळ कबुली, शेवटी प्रगतीची ग्वाही. ज्ञानात मोलाची भर पडली, लेखनाची गोडी लागली, शुद्धलेखनाचे महत्त्व पटले, गुरुजनांचे मार्गदर्शन लाभले, अशा धाटणीची वाक्ये एकामागून एक येतात. ती खोटी असतात असे नव्हे. पण ती कोणाच्याही वहीत आणि कोणत्याही विषयाखाली चालू शकतात. हेच मनोगत पर्यावरणाच्या प्रकल्पाला जोडले तरी एखाद-दुसरा शब्द बदलण्यापलीकडे काही करावे लागत नाही. लेखनाविषयीच्या या लेखनात लेखनाचा तपशील नसतो. कोणता परिच्छेद दोनदा लिहिला, कोणते वाक्य जमले नाही, कोठे थांबावे लागले, याविषयी ते मूक असते.

त्याच्या व्याकरणाकडे पाहिले तर हे मौन अधिक स्पष्ट होते. या संहितेत ‘मी’ क्वचितच कर्ता असतो. तो ‘मला’ होऊन येतो. मला समजले, मला शिकायला मिळाले, मला जाणवले, मला लाभले. मराठीत अनुभव सांगण्याची ही चतुर्थीची सोय मोठी सुंदर आहे. भूक लागते, आठवण येते, गाणे आवडते, ते ‘मला’. जे आपल्या हातात नाही, आपल्यावर येऊन कोसळते किंवा आपल्याला गवसते, त्यासाठी ही विभक्ती भाषेने राखून ठेवली आहे. परंतु लेखन हे कोसळत नाही, ते करावे लागते. ‘मी हे वाक्य खोडले’, ‘मी हा प्रसंग टाळला’, ‘मी शेवट आधी लिहिला’, ही ‘मी’ कर्ता असलेली वाक्ये त्या वहीत सापडत नाहीत. लेखनाला जो लाभ समजतो त्याच्याकडून कृतीचा जाब मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सत्राखेरच्या मनोगताचे अपयश भावनेच्या कमतरतेत नाही. त्यातील ‘मी’ला व्याकरणातच काम दिलेले नसते, हे त्या अपयशाचे मूळ आहे.

हा ‘मी’ असा का झाला, याचे उत्तर शाळेत शोधावे लागते. मराठी माध्यमाच्या शाळेत ‘आत्मवृत्त’ नावाचा जो निबंधप्रकार पिढ्यान्‌पिढ्या लिहून घेतला गेला, त्याचा समीक्षकांनी कधीतरी गंभीरपणे विचार करायला हवा. फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त, बंद पडलेल्या घड्याळाचे आत्मवृत्त, जुन्या पाठ्यपुस्तकाचे, पडक्या वाड्याचे, फळ्याचे, रस्त्याचे. आणि त्यांच्या जोडीला शेतकऱ्याचे मनोगत, सैनिकाचे मनोगत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला प्रथमपुरुषी एकवचनाचा पहिला औपचारिक सराव निर्जीव वस्तूच्या तोंडून होतो. या आत्मवृत्ताची गोष्टही ठरलेली. छत्री कारखान्यात जन्मते, दुकानात मिरवते, मालकाच्या घरी लाड होतात, मग काडी मोडते, अडगळीत पडते आणि शेवटी माणसाच्या कृतघ्नतेवर दोन शब्द बोलून गप्प होते. वैभव, उपेक्षा, संदेश. दुसऱ्याचा ‘मी’ उसना घेणे ही कथात्म वाङ्मयाची पहिली पायरी आहे, म्हणून हा प्रकार टाकाऊ मानण्याचे कारण नाही. एखाद्या कल्पक मुलाच्या हातून त्यात गंमतही घडते. पण परीक्षेने त्या कल्पनेचा साचा केला आणि ‘मी’ म्हणजे परीक्षकाला हवा तो मुखवटा, हा धडा दिला.

महाविद्यालयातील मनोगत हे याच आत्मवृत्ताचे उलटे रूप आहे. तेथे वैभवाकडून उपेक्षेकडे प्रवास, येथे अज्ञानाकडून ज्ञानाकडे. तेथे शेवटी संदेश, येथे आभार. छत्रीच्या जागी विद्यार्थी आला एवढेच. त्याच्याविषयीची माहिती मात्र छत्रीइतकीच राहिली. ज्याने छत्रीचे, घड्याळाचे, फळ्याचे आत्मवृत्त लिहिले त्याला स्वतःच्या लिहित्या हाताचे आत्मवृत्त कोणी विचारले नव्हते, आणि विचारले तेव्हा उत्तरासाठी जुनाच साचा हाती होता.

दुसरा साचा ग्रंथव्यवहाराचा. मराठी पुस्तकाला मनोगत असते, प्रबंधाला ऋणनिर्देश असतो. यांतील ऋणनिर्देशाचा प्रभाव पदवीच्या प्रकल्पवहीवर किती खोल आहे हे कोणतीही वही उघडल्यास दिसते. प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आई-वडील आणि ज्ञात-अज्ञात सर्व, हा क्रम विद्यावाचस्पतीच्या प्रबंधातून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत झिरपला आहे. मराठीची जुनी परंपरा तपासली तर लेखनान्ती लिहिण्याचे याहून नेमके नमुने सापडतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि त्या कामाची नोंद ग्रंथाच्या शेवटी थोड्या ओव्यांत केली. वर्ष कोणते, मूळ ग्रंथ शुद्ध असूनही पाठांतरांनी तो कसा बिघडला, त्याचे शोधन कसे झाले आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, एवढाच मजकूर. त्यातही श्रद्धा आहे, नम्रता आहे. पण ती कामाच्या हिशेबाला झाकत नाही. संहितेवर काम करणाऱ्याने संहितेविषयी बोलावे, हा विवेक तेथे दिसतो. आजच्या अर्थाने ते आत्मचिंतन नव्हे हे मान्य करूनही, लेखनान्तीच्या नोंदीचा एवढा आटोपशीर नमुना मराठी विभागांच्या हाताशी असताना प्रबंधाचा ऋणनिर्देशच आदर्श का ठरावा, हे कोडेच आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य शाळेत शिरले ते दुरुस्तीच्या वाटेने. मेजर थॉमस कॅन्डी यांनी शालेय आणि सरकारी पुस्तकांची मराठी दीर्घकाळ तपासली. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४ ते १८८१) हा इंग्रजी वळणाच्या गद्याविरुद्धचा मोठा उठाव होता. तरी दुरुस्ती करणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही विभागणी या उठावानंतरही शाळेत टिकली. तांबडी शाई शिक्षकाची, निळी विद्यार्थ्याची. आपले वाक्य आपणच परत तपासायचे असते, तो हक्कही आहे आणि कामही, हे शिकवण्याची सोय या विभागणीत नव्हती. विद्यार्थ्याच्या वहीत खाडाखोड हा अस्वच्छतेचा पुरावा ठरला. त्यासाठी गुण कापले गेले. विचार बदलल्याची खूण ज्या व्यवस्थेत डाग समजली जाते, तीच व्यवस्था सत्राखेरीस विचारांच्या प्रवासाची विचारणा करते, यातली विसंगती कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही.

पाश्चात्त्य लेखनशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. जॉन ड्यूई यांनी १९१० च्या ‘हाउ वुई थिंक’ या ग्रंथात अनुभवाकडे वळून केलेल्या साक्षेपी विचाराला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये शालान्त वर्गातील मुलांची लेखनप्रक्रिया अभ्यासली. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली विद्यार्थी लेखक आणि अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली. विद्यार्थी शब्दाच्या जागी शब्द बदलतात, अनुभवी लेखक मात्र आपल्या प्रतिपादनाचा आकारच पुन्हा शोधतात, हा त्यांचा निष्कर्ष. पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी त्याच दशकात न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात एका परीक्षेऐवजी निवडक लेखनाच्या संचावर मूल्यमापन बेतले. १९९८ मध्ये कॅथलीन ब्लेक यान्सी यांनी लेखनवर्गातील आत्मचिंतनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या साऱ्या विचारात एक गोष्ट समान आहे. लेखकाचा कच्चा मसुदा शिल्लक राहिलेला असतो आणि तो पाहून बोलायचे असते. भारतात ही कल्पना आली तेव्हा मसुदा वाटेत गळून पडला आणि बोलणे तेवढे पोहोचले. एका वर्गात ऐंशी-शंभर विद्यार्थी, एका सत्रात मोजके तास आणि तपासणीला पुन्हा तोच एक अध्यापक, या स्थितीत असे होणे अपरिहार्य होते, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. कच्ची पाने जपून ठेवण्यास पैसा लागत नाही. ती जपण्याजोगी आहेत असे कोणाला तरी वाटावे लागते.

शब्दाचाही प्रश्न आहे. इंग्रजीतील ‘रिफ्लेक्शन’ला मराठीत एक शब्द नाही, आणि जे आहेत ते प्रत्येकजण आपापले ओझे घेऊन येतात. ‘आत्मपरीक्षण’ म्हटले की दोष शोधणे आले. निवडणूक हरलेल्या पक्षाने करायची ती गोष्ट. ‘आत्मचिंतन’ देवघराच्या जवळ जाते. ‘स्वमूल्यमापन’ गुणांच्या रकान्यात बसते. ‘मनोगत’ हृद्य आहे, पण ते श्रोत्यांपुढे उभे राहून व्यक्त करायचे असते, म्हणून त्यात सभ्यतेचा भाग मोठा. ‘सिंहावलोकन’ या शब्दाची प्रतिमा खरे तर सर्वांत नेमकी आहे. पुढे चालता चालता सिंह मान वळवून मागचा टापू पाहतो. पण संस्थेच्या रौप्यमहोत्सवी अहवालांनी तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला. ‘परामर्श’ हा जुना, कसदार शब्द शिल्लक आहे. घेतलेल्या विषयाची साधकबाधक तपासणी हा त्याचा अर्थ समीक्षेला परिचित आहे. विद्यार्थ्याने आपल्या लेखनाचा परामर्श घ्यावा असे म्हटले तर निदान आभार मानण्याची सक्ती सुटते. अर्थात शब्द बदलल्याने साचा मोडतो, असे समजण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही.

मराठी समीक्षेने ‘निर्मितिप्रक्रिया’ हा विषय पूर्वी हिरिरीने हाताळला होता. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या मूल्यविचारापर्यंत कलाकृती कशी घडते याचा ऊहापोह झाला. परंतु ही चर्चा अनुभवाचे कलेत रूपांतर या उंच पातळीवरच राहिली. हात कोठे अडखळतो, हे तिने क्वचित विचारले. या संदर्भात शरच्चंद्रांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध यांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी असलेल्या या कवीने ‘एक साहित्यिक की डायरी’ (१९६४) या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलेच्या तीन क्षणांची उपपत्ती मांडली. उत्कट अनुभवाचा पहिला क्षण, तो अनुभव आपल्या मुळांपासून सुटून कल्पचित्र होण्याचा दुसरा, आणि शब्दबद्ध होण्याच्या प्रक्रियेचा तिसरा. या तिसऱ्या क्षणात भाषा आशयाला वाकवते आणि आशय भाषेला, लिहिताना मूळ कल्पचित्रही बदलत जाते, हा त्यांचा महत्त्वाचा मुद्दा. तो त्यांनी एका मित्राशी झालेल्या संवादाच्या रूपात मांडला, हेही लक्षणीय आहे. आपल्या लेखनाविषयी बोलायला समोर कोणीतरी लागतो. तो परीक्षक असेल तर बोलणे एक होते, मित्र असेल तर दुसरे. पदवीच्या वर्गातील लेखनाच्या बाबतीतही खरा अभ्यासविषय हा तिसरा क्षणच आहे. तेथे प्रतिभेचा प्रश्न आड येत नाही. अर्ज लिहिणाऱ्यालाही तिसरा क्षण असतो.

मिरजेसारख्या गावातील महाविद्यालयीन वर्ग डोळ्यांपुढे आणला म्हणजे या प्रश्नाला धार येते. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय स्थापन झाले आणि १९६२ नंतर हा सारा भाग शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आला. वर्गात तासगावचा विद्यार्थी असतो, जत आणि कवठेमहांकाळचा असतो, सीमेपलीकडील कागवाड-अथणीकडून येणारा असतो. एकाच्या घरी कृष्णाकाठची मराठी, दुसऱ्याच्या घरी कन्नड, मिरजेतल्याच तिसऱ्याच्या घरी दखनी. प्रमाण मराठी ही त्यांपैकी कित्येकांना घरातून मिळालेली नसते. ती शाळेतून मिळालेली असते आणि म्हणून तिच्याशी त्यांचे नाते अदबीचे असते. ‘पाऊस पडायलाय’ असे सहज बोलणारा मुलगा वहीत ‘पाऊस पडत आहे’ लिहितो. या दोन वाक्यांच्या मधल्या अंतराविषयी त्याला पुष्कळ काही ठाऊक असते, पण ते लेखनाविषयीचे ज्ञान आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

एक साधे उदाहरण कल्पावे. विद्यार्थ्याने आठवणीपर लेखात आधी ‘आज्जी गेली’ असे लिहिले आणि पक्क्या प्रतीत त्याचे ‘आजीचे दुःखद निधन झाले’ असे केले. तांबड्या शाईला दुसऱ्या वाक्यात काहीच चूक दिसणार नाही. समीक्षेला मात्र येथे सारे नाट्य दिसावे. पहिले वाक्य घरातले आहे, दुसरे वर्तमानपत्राच्या निधनवार्तेतले. पहिल्यात मरणाचा घाव आहे, दुसऱ्यात मरणाची प्रतिष्ठा. विद्यार्थ्याने ते का बदलले? आजीला मान मिळावा म्हणून, की ‘आज्जी’तला जोडाक्षरी उच्चार अशुद्ध ठरेल म्हणून, की आपले दुःख अनोळखी तपासनिसापुढे उघडे पडू नये म्हणून? तिन्ही कारणे संभवतात, आणि तिसरे खरे असेल तर दुसरे वाक्य अधिक प्रगल्भ ठरते. हे विचारणारा प्रश्न सत्राखेरीस आला तर त्याचे उत्तर छत्रीच्या साच्यात मावणार नाही.

या प्रदेशातील साहित्याने हा तिढा आधीच अनुभवला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) पात्रे माणदेशी बोलतात, निवेदक प्रमाण मराठीच्या आधाराने चालतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तही (१९५९) निवेदन आणि संवाद यांच्या भाषा सारख्या नाहीत. या लेखकांच्या कलेविषयी शंका घेण्याचा येथे हेतू नाही. पण अशा नमुन्यांतून वर्गात जो नियम उचलला गेला तो असा : बोली पात्राने बोलावी, ‘मी’ने नव्हे. तो नियम पुढे दलित आत्मकथनांनी हलवला. दया पवार यांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना याबाबतीत मूलगामी आहे. तेथे लिहिणारा शहरी, शिकलेला दया पवार आणि सांगणारा दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. ते आत्मकथन तर आहेच, पण आपल्याच लेखनाकडे संशयाने पाहणारे लेखनही आहे. लिहून मोकळे झालो की आणखी बांधले गेलो, हा प्रश्न त्या रचनेतच आहे. पदवीच्या अभ्यासक्रमांत ‘बलुतं’ आशयासाठी शिकवले जाते, गावगाडा, जात, भूक यांसाठी. ते योग्यच आहे. लेखनवर्गात ते रचनेसाठी वाचले गेले तर विद्यार्थ्याला आपल्यातला दगडू दिसण्याची शक्यता आहे, मग तो कोणत्याही जातीचा आणि गावचा असो.

मिरज तंबोऱ्यांसाठी आणि सतारींसाठी प्रसिद्ध आहे. येथील या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा, दांडी, तारा सारे जागेवर आल्यावर शेवटी घोडीची जवारी काढावी लागते. घोडीचा माथा किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. डोळ्यांना त्यात काही दिसत नाही, निवाडा कानाचा. आणि वाजवून वाजवून तार घोडीत रुतली की जवारी पुन्हा काढावी लागते. पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखनाची तपासणी, या समजुतीला उत्तर देण्यासाठी मिरजेच्या अध्यापकाला एल्बोपर्यंत जाण्याची गरज नाही. सतारमेकर गल्लीत एक दुपार घालवलेला विद्यार्थी आपले वाक्य मोठ्याने वाचून ऐकण्याचे प्रयोजन व्याख्यानाशिवाय समजू शकेल. अर्थात उपमा येथेच थांबवावी; लेखनात कान कोणाचा प्रमाण, हा झगडा असतो, तंबोऱ्यात तो बराचसा मिटलेला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. मिशेल फुको यांनी लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) कबुलीजबाब हे सत्तेचे तंत्र कसे बनते ते दाखवले. बोलणारा स्वतःविषयीचे सत्य उच्चारतो. ऐकणारा ते सत्य ठरवतो, मोजतो, क्षमा करतो. सत्राखेरचे मनोगत या वर्णनात सहज बसते. विद्यार्थ्याने आपल्या उणिवा सांगाव्यात आणि त्या सांगण्याबद्दल गुण मिळवावेत! प्रामाणिकपणाला दहापैकी आठ. अशा व्यवहारात शहाणा विद्यार्थी अप्रामाणिक होणार नाही तर काय करील? किंबहुना साचेबंद मनोगत हा विद्यार्थ्याने स्वतःच्या रक्षणासाठी उभारलेला आडोसाही आहे. जातीचा, घरच्या दारिद्र्याचा, भाषेच्या संकोचाचा उल्लेख अध्यापकाच्या हाती का द्यावा, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही अभ्यासमंडळापाशी नाही. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे; वही घरी जाते, ती घरातले इतरही वाचतात. म्हणून ‘मोकळेपणाने लिहा’ ही सूचना उदार वाटली तरी तिच्यात एक आक्रमण दडलेले आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

या पेचातून वाट आहे ती विषय बदलण्यात. विद्यार्थ्याला स्वतःविषयी विचारू नये, त्याच्या वाक्याविषयी विचारावे. काय वाटले, यापेक्षा काय बदलले, हे विचारावे. सत्रातील एक लेख निवडून त्याची पहिली आणि शेवटची प्रत समोरासमोर ठेवावी आणि झालेल्या बदलांपैकी एकाचेच कारण पानभर लिहावे, एवढा अभ्यास पुरेसा आहे. खोडलेले पण आज परत ठेवावेसे वाटणारे एखादे वाक्य असेल तर ते नोंदवावे. शेजारच्या विद्यार्थ्याने आपला लेख वाचून भलताच अर्थ घेतला असेल तर तो अर्थ कोणत्या शब्दातून निघाला ते शोधावे. घरच्या भाषेत सुचलेली गोष्ट मराठीत आणताना कोणता शब्द मागे राहिला, याची कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्याने यादी केली तर ती भाषाविज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल. या कृतींत ‘मला’ आपोआप मागे सरतो आणि ‘मी’ला क्रियापद मिळते. येथे कबुलीपेक्षा पुरावा महत्त्वाचा ठरतो; ज्याला खाजगी ते झाकायचे आहे त्याला ते झाकूनही उत्तम लिहिता येते. ‘आजीचे दुःखद निधन झाले’ हे वाक्य मला लांबचे हवे होते, एवढे म्हणून तो थांबू शकतो, आणि ते उत्तर पूर्ण असते.

यंत्राने मजकूर जुळवून देण्याच्या आजच्या काळात या फरकाला आणखी एक कारण मिळाले आहे. साचेबंद मनोगत संगणक क्षणात लिहून देतो, आणि ते विद्यार्थ्याच्या मनोगताहून फारसे वेगळे नसते. कारण मुळात विद्यार्थ्याचेही त्याचे नव्हते. याबद्दल यंत्राला दोष देण्यापेक्षा प्रकाराला द्यावा. हाताने केलेल्या खाडाखोडीचा खुलासा उसना आणणे त्या मानाने कठीण आहे. अशक्य नाही, पण उसना आणण्याइतका वेळ दिला तर तेवढ्या वेळात तो स्वतः लिहून होतो.

राहता राहिला तपासणीचा व्यवहार. शंभर वह्यांतील शंभर पाने वाचणे अवघड आहे, हे खरे. परंतु ही पाने गुणांसाठी वाचायची नसतील, केलेल्या कामाची नोंद असली की ठरलेले गुण द्यायचे असतील, तर अध्यापकाला दहा-पंधरा पाने निवडून वर्गात नावे न घेता वाचून दाखवता येतात, अर्थात ज्यांची ती आहेत त्यांची परवानगी घेऊन. परीक्षकाच्या जागी वर्ग हा वाचक येतो. गुणांची उतरंड लावायची नाही म्हटल्यावर विद्यार्थी आळस करतील, ही भीती रास्त आहे, काही करतील. निबंधलेखनाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात गुण असूनही ते करत आलेले आहेत.

वह्यांचे पुढे काय होते, याचाही विचार अभ्यासक्रम आखताना व्हायला हवा. अंतर्गत मूल्यमापनाची वही सहसा विभागाच्या कपाटात जाते, मूल्यांकन समिती येईपर्यंत तेथे राहते आणि नंतर रद्दीत निघते. ज्याने ती लिहिली त्याच्या हाती ती पुन्हा येत नाही. पहिली प्रत, दुसरी प्रत आणि त्यांच्या मधले पान, हे तिन्ही कागद पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला परत मिळावेत आणि नव्या लेखनाला तेथून सुरुवात व्हावी, अशी व्यवस्था करायची तर कपाटात गुणांच्या यादीची प्रत ठेवली तरी चालण्यासारखे आहे.